नुकत्याच व्यालेल्या गाईची फॅट ५ लागली तर खूश होऊ नका, आधी लिव्हर बघा

गाय व्याली, चीक संपला, आठ-दहा दिवसांनी दूध डेअरीला जायला लागलं आणि त्या गाईच्या दुधाची फॅट वेगळी काढली तर ५ लागली, की आपल्याकडं माणूस खूश होतो. साहजिक आहे, एचएफचं (होल्स्टीन जातीच्या गाईचं) दूध, भाव ठरतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग), आणि इथं फॅट ५ लागतीय म्हटल्यावर कोण नको म्हणेल. पण व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात एवढी फॅट बहुतेक वेळा पेंडीतून आलेली नसते, गाईच्या अंगावरची चरबी वितळून दुधात उतरत असते आणि त्याच चरबीचा मोठा वाटा लिव्हरमध्ये जाऊन साचत असतो. मग पुढच्या पंधरा दिवसांत गाय पेंड सोडते, दूध १८ वरून ११ वर येतं, आणि आपण मेडिकलमध्ये लिव्हर टॉनिक मागायला जातो. बाटलीचं नंतर बोलू, आधी हे होतं कसं ते बघा.

गाईला आपल्यासारखी खाण्यातून तयार साखर मिळत नाही. चारा-पेंड पोटात आंबते, त्यातून जी आम्लं निघतात त्यातल्या एका आम्लापासून लिव्हर साखर बनवतं. दुधातला गोडवा याच साखरेचा. २० लिटर दुधात जवळपास १ किलो दुग्धशर्करा जाते, म्हणजे लिव्हरला रोज त्याहून जास्त साखर बनवावी लागते, कारण बाकीच्या अंगालाही लागतेच की. व्याल्यावर दूध सहा ते आठ आठवड्यांत कळसाला जातं, खाणं मात्र दहा-बारा आठवड्यांनी पूर्ण वाढतं. मधला खड्डा गाय अंगावरची चरबी काढून भरते. थोडी चरबी आली तर लिव्हर ती वापरतं, पण लोंढा आला तर गाईच्या लिव्हरला ती बाहेर ढकलायला फारसं जमत नाही, ती तिथंच साठते, अर्धवट जळून कीटोन तयार होतात, यालाच डॉक्टर किटोसिस म्हणतात. चरबीनं भरलेलं लिव्हर साखर कमी बनवतं, साखर कमी म्हणजे दूध कमी.

म्हणून खरं काम व्यायच्या आधीचं आहे. यात सगळ्यात जास्त मार खाते ती लठ्ठ गाय. गाय वेळेवर गाभण राहत नाही, सारखी उलटते, दूध ७-८ लिटरवर आलेलं असतं पण पेंड आणि मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) आहे तेवढाच चालू, चार-पाच महिने जास्तीचे जातात आणि गाय आटवायच्या (धार बंद करायच्या) वेळेला नुसती गोल झालेली असते. लोक म्हणतात गाय काय मस्त भरलीय. हीच गाय व्याल्यावर बसते.

अंग कसं बघायचं: गाईच्या मागं उभं राहा, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूला खळगा दिसतो का बघा. मग कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागं जी आडवी हाडं आहेत त्यांच्या टोकांवर तळहात दाबून फिरवा. हलकं दाबल्यावर टोकं हाताला लागली पण डोळ्यांना दिसली नाहीत तर अंग बरोबर आहे. टोकं सापडतच नसतील आणि शेपटीजवळ खळगा भरून चरबीच्या वळ्या आल्या असतील तर गाय जास्त भरलीय, आणि टोकं लांबूनच मोजता येत असतील तर खंगलीय. डॉक्टर १ ते ५ असे मार्क देतात, व्यायला ३ ते ३.५ च्या दरम्यान पाहिजे आणि व्याल्यावर अर्ध्या मार्कापेक्षा जास्त उतरू नये. हे बघायचं गाय आटवायच्या दीड-दोन महिने आधीच, म्हणजे पेंड कमी-जास्त करायला वेळ मिळतो. भाकड काळात (आटवल्यापासून व्यायपर्यंत) लठ्ठ गाईला उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नका, तेव्हा चरबी सुटली तर ती लिव्हरमध्येच जाते, म्हणजे व्यायच्या आधीच घोटाळा.

गाय आटवायची व्यायच्या साधारण ६० दिवस आधी. पहिले पाच आठवडे मुरघास मोजून, वाळलेला चारा पोटभर. ज्वारीचा कडबा असेल तर सोनंच, कुट्टी करून द्या म्हणजे निवडून टाकत नाही. शेवटचे तीन आठवडे मात्र डोळ्यात तेल घालून बघायचे, कारण या दिवसांत गाईचं खाणं आपोआप कमी होतं आणि व्यायच्या तोंडावर तर खूपच. साडेचारशे-पाचशे किलोच्या गाईला १२-१५ किलो मुरघास, ४ किलोच्या आसपास कडबा कुट्टी आणि गोळी पेंड १ किलोपासून हळूहळू अडीच-तीन किलोपर्यंत, असा हिशोब बहुतेक गोठ्यांत बसतो. व्याल्यावर जी पेंड देणार तीच आत्तापासून द्या, पोटातल्या जंतूंना सवय होते. मिनरल मिक्स्चर भाकड गाईचं वेगळं मिळतं ते घ्या, दुभत्या गाईचं कॅल्शियमवालं या काळात नको. आणि पाणी, सावली, एकटी बांधायला मोकळी जागा. एप्रिल-मे मध्ये व्यायला आलेली एचएफ धापा टाकत असेल तर गव्हाण कितीही भरा, ती खाणार नाही. फॅन-फॉगर लावायला कमी पडणारा माणूस नंतर सलाईनला पैसे मोजतो, हे दर उन्हाळ्यात दिसतं.

व्याल्यावर पेंड दोन दिवसाला अर्धा किलो या बेतानं वाढवा, एकदम नाही. शेवटी हिशोब अडीच लिटर दुधाला १ किलो आणि वर अंगासाठी दीड-दोन किलो. रोज धार काढताना डाव्या भकाळीकडं नजर टाका, खोल खड्डा दिसला म्हणजे गाईनं खाल्लेलं नाही, गव्हाणीत काहीही दिसू दे. किटोसिसची गाय आधी पेंड सोडते, मग मुरघास, कडबा मात्र चघळत राहते. शेण कडक, चकचकीत. तोंडाला किंवा दुधाला गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो, सगळ्यांना येत नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला सांगा. काही गाई भिंत चाटतात, साखळी चावतात, गोल फिरतात, अशा वेळी डॉक्टर येईपर्यंत तोंडात हात घालायचा नाही, पिसाळण्याची लक्षणंही अशीच दिसतात.

तपासणी सोपी झालीय. लघवीची कीटोन पट्टी मेडिकलमध्ये मिळते, नाहीतर डॉक्टरांकडं शुगरच्या मशीनसारखं मशीन असतं, रक्ताचा थेंब घेतला की आकडा येतो, १.२ किंवा वर आला तर किटोसिस सुरू झालाय, गाय वरून ठणठणीत दिसत असली तरी. व्याल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत एकदा-दोनदा करून घ्या. दुधावरूनही अंदाज येतो. त्या गाईचं सगळं दूध बादलीत हलवून मग सँपल घ्या, कारण पहिल्या धारांत फॅट कमी आणि शेवटच्या धारांत जास्त असते. डेअरीचं दूध तपासायचं मशीन प्रोटीन दाखवत असेल तर फॅटला प्रोटीननं भागा, १.४ च्या वर गेलं तर शंका घ्यायची.

किटोसिस निघाला तर डॉक्टरांना विचारून प्रॉपिलीन ग्लायकॉल (लिव्हर ज्यापासून साखर बनवतं ते पातळ औषध) रोज एकदा ३०० मिली, तीन ते पाच दिवस. पाजताना मान फार वर ओढू नका, गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडा, ठसका लागला की लगेच थांबा, फुप्फुसात गेलं तर किटोसिस परवडला म्हणायची वेळ येते. डेक्स्ट्रोजची सलाईन गाय आडवी व्हायला लागल्यावर उपयोगी आहे पण तिचा असर काही तासांचाच, तोंडानं पाजणं चालू ठेवावंच लागतं. गूळ लोक किलोकिलोनं घालतात. त्याची साखर रक्तात जात नाही, पोटातच आंबते, मूठभर चवीला ठीक, जास्त झाला तर पोट आंबट होऊन आहे तेवढं खाणंही बंद.

आता टॉनिक. भुईआवळा, कालमेघ, माका वगैरे घातलेल्या बाटल्या भूक वाढायला काही गाईंना मदत करत असतील, पण साचलेली चरबी काढायचं काम त्यांच्यावर सोडू नका. पैसे घालायचेच तर बायपास कोलीन बघा, ते लिव्हरमधून चरबी बाहेर न्यायला लागतं. व्यायच्या आधी तीन आणि नंतर तीन आठवडे द्यायचं. पाकिटावर बायपास किंवा कोटेड लिहिलेलं पाहिजे, साधं कोलीन पोटातच संपून जातं.

लिव्हरचे आणखी दुश्मन आहेत, थोडक्यात सांगतो. बुरशी लागलेली सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, भिजलेला मका: यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, लिव्हर खातं आणि दुधातही उतरतं, डब्यातलं दूध परत येऊ शकतं. उन्हात वाळवून बुरशी दिसेनाशी होते, विष तसंच राहतं, म्हणून ते पोतं दुभत्या किंवा गाभण गाईला नकोच. डोंगराकडच्या भागात गाई चरायला सोडत असाल तर घाणेरी तोडून टाका, ती खाल्ली की कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलते. डोळे पिवळे आणि सोबत जोराचा ताप किंवा कॉफीसारखी लघवी असेल तर आधी गोचीड तापाचं रक्त तपासा, लिव्हरच्या औषधात दिवस घालवू नका.

तळ्याकाठचं, भातखाचरातलं गवत खाणाऱ्या गाईला पावसाळा संपता संपता लिव्हर फ्लूकसाठी शेण तपासून घ्या, गोगलगाईतून येतात हे चपटे जंत, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली की समजा बरेच झालेत. औषध डॉक्टरच ठरवतील, कारण अल्बेंडाझोल गाभण काळाच्या सुरुवातीला चालत नाही आणि ट्रायक्लाबेंडाझोल दुधावरच्या गाईला देत नाहीत. जे देतील त्याचं दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही ते तिथंच विचारून गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहून टाका.