गंजिफाच्या पेटीतलं खोटं पान: गावातली रहस्यकथा कशी लिहायची

रहस्यकथा म्हटली की आपल्याला लगेच खून, मुंबईचा पाऊस आणि इन्स्पेक्टर आठवतो. मला स्वतःला जास्त जीव लावणारी गोष्ट म्हणजे गावातली, जिच्यात कुणी मरत नाही, एखादी वस्तू गायब होते किंवा कुणीतरी ती गुपचूप बदलतं आणि गावातलंच एखादं साधं माणूस डोकं लावून त्याचा छडा लावतं. त्यात ती वस्तू कलेची असेल तर काय हवं. मी काही वर्षं दिवाळी अंकांसाठी अशा कथा लिहितेय, बरेच जण विचारतात की सुरुवात कुठून करायची, म्हणून एका कथेचं उदाहरण घेऊन सांगते. ही कथा सावंतवाडीजवळच्या एका कल्पित वाडीत घडते आणि तिच्या मधोमध आहे गंजिफा.

आधी कला, मग गुन्हा

बहुतेक जण आधी चोरी ठरवतात आणि मग "काय चोरीला गेलं? एखादं पेंटिंग दाखवू" असं करतात. तिथेच कथा फसते, कारण पेंटिंगच्या जागी सोन्याची पाटली ठेवली तरी काही बिघडत नाही. आधी कला घ्या आणि ती कशी बनते, कशी वापरतात, कशाने खराब होते हे नीट समजून घ्या. तुमचा गुन्हा आणि तुमचे धागेदोरे तिथेच पडलेले असतात.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात 120 पानं असतात, दहा अवतारांचे दहा रंग, मच्छ, कच्छ, वराह, नारसिंह असं करत कलंकीपर्यंत, आणि प्रत्येक रंगात 12 पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. जुनी पानं कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून करायचे, त्यावर खडूचा थर द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, मग रंग आणि वर लाखेचा हात. सावंतवाडीत ही कला जवळजवळ संपली होती, 1970 च्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या चिताऱ्याकडून शिकून घेऊन ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. आजही तिथे कलाकार मांडी घालून पानं रंगवत असतात. लिहायच्या आधी एकदा जा, मोती तलावाला चक्कर मारा, चितार आळीत फिरा आणि एक पान हातात घेऊन बघा. फोटोवरून पानाची जाडी आणि कड कळत नाही आणि माझ्या कथेचं सगळं गाडं त्या कडेवरच चालतं.

गंजिफा नको असेल तर कुडाळजवळ पिंगुळीची चित्रकथी आहे. तिथे चित्रं सुटी असतात, एका पोथीत क्रमाने ठेवलेली, आणि सांगणारा एकेक चित्र दाखवत कथा पुढे नेतो, म्हणजे मधलं एक चित्र गेलं की भर कार्यक्रमात कथाच अडली. बघा, रहस्य तयारच आहे.

गुन्हा छोटा ठेवा, पण मुळाशी जाणारा

माझ्या कथेत एका जुन्या घरात पेटी आहे, पणजोबांच्या वेळची. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला म्हणून पेटी उघडतात, पानं मोजतात, बरोबर 120 भरतात. सगळे खूश. आजीला आता नीट दिसत नाही, ती एकेक पान बोटांनी चाचपतेय, आणि रामाच्या राजावर तिचा अंगठा थांबतो. ती कड पुन्हा फिरवून बघते, पान चटईवर टाकते, त्याचा आवाज ऐकते आणि म्हणते, "ह्यां पान आमचां न्हय."

जुन्या पानाची कड थरांमुळे किंचित खडबडीत असते आणि टाकल्यावर त्याचा आवाज जड येतो. नवीन पान पुठ्ठ्याचं, कड कात्रीने सरळ कापलेली, आवाज पोकळ. डोळे असलेल्या दहा माणसांना जे दिसलं नाही ते तिच्या बोटांना कळलं. पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, सगळे म्हणतात आजीचं वय झालं. इथे वाचक आजीच्या बाजूने उभा राहतो आणि शेवटपर्यंत तिथून हलत नाही. पहिल्या दोन पानांत एवढं जमलं पाहिजे.

शोध कोण घेणार

हौशी डिटेक्टिव्ह निवडताना मी एकच प्रश्न विचारते: या माणसाला गावातल्या प्रत्येक घरात जायला कारण आहे का? शहरातून सुट्टीला आलेला हुशार पुतण्या वगैरे मला पटत नाही, त्याला कुणी मागच्या परसात येऊ देणार नाही. माझी नायिका अंगणवाडीताई आहे. ती मुलांची वजनं घेते, घरोघरी जाते, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाच्या नवऱ्याचा पगार थांबलाय, कुणाची सून आठवडाभर नीट जेवत नाहीये हे तिला माहीत असतं. लोक तिच्याशी बोलतात कारण ती चौकशी करायला आलेली नसते. पोस्टमन चालेल, गिरणवाला चालेल, सगळ्यांचे ब्लाउज शिवणारी बाई तर फारच छान. पण तिला कलेतलं सगळं आधीच माहीत नसू दे, ती आजीकडून शिकेल आणि तिच्याबरोबर वाचकही शिकेल. आणि ती आजीला "तुम्ही" म्हणेल की "तू" हे पहिल्याच दिवशी ठरवा, आमच्याकडे आजीला गाव "तू"च म्हणतं आणि तेवढ्यानेच संवाद घरचे वाटतात.

वेळ घड्याळात मोजू नका

गावात सीसीटीव्ही नसतो, पण जत्रेची रात्र असते आणि रात्रभर दशावतारी नाटक असतं. आधी आडदशावतार म्हणजे मुख्य कथेआधीचा भाग, त्यात गणपती, मग संकासूर येऊन लोकांना हसवतो, मग आख्यान आणि पहाटे दहीकाला. गावातलं प्रत्येक माणूस त्या रात्रीची वेळ यानेच सांगतं. "संकासूर होता तेव्हा मी चहा घ्यायला गेलो", "दहीकाल्याला ती परत आली". हे तुमचं टाइमटेबल. मी एका कोऱ्या कागदावर नाटकाचे टप्पे आडवे लिहिते आणि प्रत्येक पात्राचं नाव त्या त्या वेळी कुठे होतं ते खाली लिहून काढते. हा कागद केल्याशिवाय एकही ओळ लिहू नका, नंतर दुरुस्त करताना खूप त्रास होतो.

खोटं असं पकडा की ज्ञान कामी येईल

हा भाग मला कथा ऐकणाऱ्या एका आजीने दिला. पहिल्या खर्ड्यात मी तीन माणसं रात्री खेळायला बसवली होती, तिघांत प्रत्येकी 40 पानं वाटली आणि रामाच्या राजाने डाव उघडला. गावातल्या एका आजींना वाचून दाखवत होते, त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "रात्री राम खंयसून इलो गो?" कारण गंजिफात दिवसा खेळलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, म्हणजे पहिलं पान त्याने टाकायचं, आणि दिवे लागल्यानंतर कृष्णाच्या राजाची. माझी चूक होती, पण मी ती दुरुस्त केली नाही. तसंच वाक्य उचलून कथेतल्या भाच्याच्या तोंडी घातलं.

भाचा सांगतो, जत्रेच्या रात्री सगळे देवळात होते तेव्हा आम्ही तिघे घरी गंजिफा खेळत होतो, रामाचा राजा माझ्याकडे होता, मीच उतारी केली, पान एकदम ठीक होतं. मित्र हो ला हो करतात. त्याने लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत दुपारचा खेळ बघितलेला, म्हणून त्याला रामच आठवला. अंगणवाडीताई काही बोलत नाही, फक्त घरी जाऊन विचार करते की हा माणूस त्या रात्री खेळलेलाच नाही.

आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, पहिलं खोटं पकडलं की चोर सापडला असं करू नका. भाचा खोटं बोलला कारण तो त्या रात्री कर्जासाठी कुणालातरी भेटायला बांद्याला गेला होता आणि ते घरी कळायला नको होतं. पण त्याचं खोटं उघडं पडल्यावर वेळेचं सगळं गणित बदलतं. आत्तापर्यंत वाटत होतं की मध्यरात्रीपर्यंत पान जागेवर होतं, आता कळतं की दिवाळीत घरात शेवटचा डाव झाला त्यानंतर ते कधीही बदललं गेलं असेल. संशय पुन्हा सगळ्या घरावर पसरतो.

दिवसा राम, रात्री कृष्ण हा नियम वाचकाला आधीच माहीत असायला हवा, नाहीतर ती फसवणूक झाली. म्हणून दिवाळीच्या प्रसंगात खेळता खेळता अंधार पडतो, सून दिवा लावते आणि पुढचा डाव वाटताना आजी सहज म्हणते, "दिवो लागलो, आता कृष्णाची उतारी." बस, पुढे फराळाच्या गप्पा.

धागा साध्या गोष्टींत लपवा

वाचकापासून काही लपवायचं असेल तर ते तीन साध्या गोष्टींच्या मध्ये ठेवा, पहिली आणि तिसरी लक्षात राहते, मधली निसटते. ताई बाळाचं वजन घ्यायला त्या घरी जाते तेव्हा मी एवढंच लिहिलंय: चुलीवर भात रटरटतोय, सुपात भाजलेले चिंचोके पडलेत, दोरीवर आजीचं लुगडं वाळतंय. चिंचोके भाजून, सोलून, दळून, पाण्यात शिजवले की खळ होते हे वाचकाने आजीकडून आधी ऐकलेलं आहे. पण भात आणि लुगडं यांच्यामध्ये ते कुणाला खटकत नाही.

संशयित

चार पुरे. भाचा, सून, शाळेचे ड्रॉइंग मास्तर आणि जुन्या वस्तू घेणारा एक माणूस जो पेटीची किंमत विचारून गेलाय. या शेवटच्या माणसामुळे गावात लगेच चर्चा होते की पान परदेशात गेलं. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हे कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगू दे, म्हणजे भीती खरी वाटते.

उलगडा आणि शेवट

दिवाळीनंतर साफसफाई करताना सुनेच्या हातून पाणी सांडलं. जुन्या लाखेला जिथे तडे गेले होते तिथून ते आत शिरलं, खळ सुटली आणि रामाचा राजा थराथराने उकलला. ती घाबरली, सासूला काय सांगणार, म्हणून मास्तरांकडून नक्कल करून घेतली आणि खरं पान कापडात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलं. रोज रात्री सगळे झोपल्यावर खळ करून ती ते जोडायचा प्रयत्न करत होती. म्हणजे ज्या खळीमुळे पान बिघडलं तीच खळ तिला पकडून देते. कलेतून गुन्हा, कलेतूनच पुरावा, असं गुंतलं की कथा घट्ट होते.

उलगडा चावडीवर सगळ्यांसमोर करू नका, गावात त्या बाईला पुढे आयुष्य काढायचंय. माझी ताई डबा आजीच्या मांडीवर ठेवते आणि बाहेर जाऊन उभी राहते. आजी पान चाचपते आणि सुनेला एवढंच सांगते की खळ पातळ झालीय, उद्या दोघी मिळून दाट करू.

शेवटचा प्रसंग मी तीनदा लिहिला. आधी संध्याकाळचा होता, दिवे वगैरे, छान वाटत होता पण चुकीचा होता. डाव दिवसा मांडा, ऊन ओटीवर आलेलं असताना, पानं पिसून सुनेला वाटायला सांगा आणि जोडलेला, जरासा वाकडा रामाचा राजा तिच्याच हातात येऊ दे. उतारी तिची.