लायपोसोमल ब्युपिव्हकेन कसं टोचावं

मी अमेरिकेत भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशननंतर रुग्णाला मॉर्फिनसारखी औषधं कमीत कमी लागावीत, हा माझा ध्यास. त्यासाठी इथे २०११मध्ये मान्यता मिळालेलं लायपोसोमल ब्युपिव्हकेन हे जखमेची जागा बधिर करणारं (स्थानिक भुलीचं) औषध वापरते. डाळिंबासारखे कप्पे असलेल्या चरबीच्या कणांत औषध भरलेलं असतं. कण मायक्रोमीटरचे, पण कप्प्यांच्या भिंती काही नॅनोमीटर जाडीच्या. त्यांतून औषध हळूहळू झिरपतं.

सगळी काळजी या भिंतींची. कुपी फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठू देऊ नका. जोरात हलवू नका, अलगद उलटसुलट करा. पातळ करायचं तर सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट या क्षारयुक्त द्रावणानेच; साध्या पाण्याने कण फुटतात. प्रौढांना कमाल २६६ मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिलिटरची एक कुपी.

त्याच जागी आधी लिडोकेन हे दुसरं बधिर करणारं औषध दिलं असेल, तर किमान २० मिनिटं थांबा. दोन्ही मिसळले की औषध एकदम सुटतं. सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहा. मग जखमेच्या प्रत्येक थरात सावकाश, थोडं थोडं, अनेक ठिकाणी टोचा. घाई इथे मुळीच नको: हे औषध फारसं पसरत नाही, सुटलेला कोपरा दुखतोच.

पुढचे ९६ तास दुसरी स्थानिक भूल टाळायची. मी रुग्णाच्या मनगटाला तसं लिहिलेली पट्टी बांधते. दातांच्या डॉक्टरकडे गेलात तरी दाखवा, असं घरच्यांनाही बजावते.

साध्या ब्युपिव्हकेनपेक्षा याचा फायदा बऱ्याच अभ्यासांत थोडाच दिसला आहे. तेव्हा पॅरासिटामॉल वेळेवर चालूच ठेवा.