अंगणात पाणी तुंबतं? आधी माती ओळखा, मग निचऱ्याची पद्धत निवडा

खान्देशात पाऊस बेताचाच, म्हणून घर बांधताना अंगणातल्या पाण्याचा विचार बहुतेक वेळा राहून जातो. जोतं उंच घेतलं, मोरीचं पाणी गटारीला जोडलं की काम झालं असं आपण धरून चालतो. पण हा बेताचा पाऊस वर्षभर सारखा वाटून येत नाही. एखाद्या संध्याकाळी तासाभरात दणकून कोसळतो आणि चिखल, डास, भिंतींची ओल सगळं मागे ठेवून जातो.

जुन्या लोकांनी यावर तोडगा काढला होता. गाव पांढरीवर वसायचं आणि शेती काळीत व्हायची. पांढरीची जागा उंचवट्याची, पाणी आपोआप उतरून जाणारी. आता धुळे, जळगाव, नंदुरबारच काय, तालुक्याच्या गावांभोवतीही नव्या कॉलन्या उभ्या राहतात त्या बिनशेती केलेल्या काळ्या वावरांत. काल जिथे कापूस होता तिथे आज घर आहे, पण माती तीच आहे. म्हणून शहाद्याच्या काळ्या रानात बांधलेल्या घराला आणि साक्रीकडच्या मुरमाड जागेवरच्या घराला एकच उपाय सांगणं मला चुकीचं वाटतं. गवंडी जिथे तिथे शोषखड्डा सुचवतो. तो मान्य करण्याआधी पुढची तपासणी नक्की करा.

१. खड्डा खणून माती तपासा

अंगणात सर्वांत जास्त पाणी साचतं तिथे साधारण ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. तो पाण्याने भरा आणि रात्रभर तसाच मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, आत काठी उभी करून खूण करा आणि तासाभरात पाणी किती उतरलं ते मोजा.

पहिल्या दिवशीचं माप धरू नका. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, पाणी त्यांत भराभर जातं आणि माती छान पाणी पिते असा भास होतो. ही माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाण्याची वाट बंद होते. पावसाळ्यात तुमची गाठ या फुगलेल्या मातीशी आहे.

तासाला ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरलं तर पाणी जमिनीत मुरवण्याचा विचार करा. दीडपेक्षा कमी उतरलं तर मुरवण्यावर भिस्त ठेवू नका, पाणी वरच्यावर बाहेर काढा. मधल्या मापाला दोन्ही करावं लागतं: थोडं मुरवायचं आणि उरलेल्याला वाट द्यायची.

२. पाणी शेवटी जाणार कुठे?

हा प्रश्न सुटल्याशिवाय एक पाईपही विकत आणू नका. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी घ्या आणि घराचा पाया, अंगणाचे चारही कोपरे, फाटक आणि रस्त्याची गटार यांची उंची एकमेकांशी ताडून पाहा. डोळ्यांचा अंदाज इथे हमखास फसतो.

भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये मातीचा उतार किमान १५ सेंटिमीटर हवा. फरशी किंवा काँक्रीट असेल तर मीटरला १ ते २ सेंटिमीटर पुरतो. बऱ्याच घरांचं दुखणं एवढ्यावरच बरं होतं, म्हणून पैसे आधी भरावावर खर्च करा. भराव मुरमाचा घ्या आणि थराथराने पाणी मारून ठोका. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून ती टाकून घेऊ नका.

आता एक अडचण गावोगाव दिसते. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा काँक्रीटचा थर चढतो आणि जुनी अंगणं रस्त्याच्या खाली जातात. तुमचं तसं झालं असेल तर गटारीला जोडलेला पाईप पावसात उलटं पाणी आत आणतो. अशा वेळी अंगण उचलणं हा खरा इलाज. तो शक्यच नसेल तर कोपऱ्यात पक्की टाकी करून पंपाने पाणी बाहेर फेकावं लागतं. पण वादळी पावसात वीज जाते नेमकी तेव्हाच पंप हवा असतो, त्यामुळे हा पर्याय सर्वांत शेवटी ठेवा.

पाणी शेजाऱ्याच्या भिंतीकडे वळवू नका, आणि गटारीला जोडण्याआधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत विचारून घ्या.

३. पाणी किती, याचा हिशेब

१,००० चौरस फुटांच्या स्लॅबवर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे ४,६०० लिटर पाणी पडतं. १ मीटर लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा दगडांनी भरल्यावर त्यात उरलेल्या पोकळीत मावतं जेमतेम ४०० लिटर. शोषखड्डा मोरीच्या रोजच्या पाण्यासाठी चांगलाच आहे, पण पावसाचं एवढं पाणी काळ्या मातीतल्या खड्ड्यात सोडलं तर तो पहिल्या सरीतच तुडुंब भरतो. म्हणून गच्चीचं पाणी अंगणात मोकळं सोडूच नका. पन्हाळीला पाईप लावून ते थेट टाकीत किंवा बाहेर न्या. अंगणाचं अर्धं ओझं तिथेच उतरतं.

४. पद्धत निवडा

खोल काळी माती, म्हणजे तापीकाठचा बराचसा पट्टा: इथे उघडी नाली सर्वांत भरवशाची. शहाबादी फरशी किंवा विटांची, मीटरला किमान १ सेंटिमीटर उतार दिलेली. दिसायला साधी, पण कुठे अडलं ते लगेच दिसतं आणि खराट्याने साफ होते. गाडी येण्याच्या जागी नालीवर लोखंडी जाळी बसवा. धुळ्यातल्या पांझरेकाठी फड पद्धतीचे, म्हणजे बंधाऱ्यावरून गावाने मिळून करायच्या सिंचनाचे पाट पंपाशिवाय, नुसत्या उतारावर पाणी नेतात. तीच शिस्त अंगणातही चालते.

मुरमाड जागा: शोषखड्डा चालतो. घरापासून ३ मीटर लांब घ्या. तळाशी मोठे दगड, त्यावर गिट्टी, वर वाळू भरा, आणि भरल्यावर पाणी वाहून जायला एक वाट ठेवा. काळी माती असेल आणि वरच्या दीड-दोन मीटरखाली मुरूम लागत असेल तर खड्डा मुरमापर्यंत नेता येतो. शेजारी पाया किंवा विहीर खणली गेली असेल तर किती फुटांवर काय लागलं ते विचारा, फुकटात उत्तर मिळेल. मात्र काळ्या मातीत हा खड्डा घरापासून निदान ५ मीटर दूर हवा. पायाची एक बाजू ओलीने फुगली आणि दुसरी कोरडी राहिली की भिंतीला तिरप्या चिरा जातात, आणि ते दुखणं निस्तरायला निचऱ्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

सातपुड्याचा पायथा, चोपडा-यावल-रावेरच्या वरच्या अंगाला: गोटे-वाळूच्या थरांत पाणी झपाट्याने मुरतं. इथलं पाणी गटारीत सोडू नये असं मला मनापासून वाटतं. केळीच्या या पट्ट्यात उपसा एवढा आहे की गच्चीचं पाणी गाळून जमिनीत घालणं हेच शहाणपणाचं. बोअरमध्ये घालायचं असेल तर गाळणीशिवाय मुळीच नको, आणि अंगणातलं गढूळ पाणी तर त्यात कधीच नको.

कुंपणापलीकडच्या वावरातून पाझर येत असेल: खडीचा चर घ्या. ३० सेंटिमीटर रुंद आणि ४५ ते ६० सेंटिमीटर खोल खणा, तळाला मीटरला १ सेंटिमीटर उतार द्या. आत जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देणारं, गाळ अडवणारं) अंथरा, थोडी खडी टाका, ११० मिलिमीटरचा छिद्रांचा पाईप छिद्रं खाली करून ठेवा, वर धुतलेली खडी भरा आणि कापड वरून मिटवा. शेततळ्याचा उरलेला प्लास्टिक कागद इथे वापरू नका, त्यातून पाणी झिरपत नाही. कापड वगळलं तर काळ्या मातीचा बारीक गाळ दोन-तीन पावसाळ्यांत चर बुजवून टाकतो.

मोरीचं साबणाचं पाणी या सगळ्यापासून वेगळं ठेवा. परसात अळू, केळी असेल तिकडे न्या. सेप्टिक टँकचं पाणी यातल्या कशालाही जोडू नका.

५. काम कधी काढावं

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खणायला घ्या आणि मृगाच्या आधी संपवा. पाईप बुजवण्याआधी वरच्या टोकाला चार-पाच बादल्या एकदम ओता आणि खालच्या टोकाला पाणी न थांबता येतं का ते पाहा. वळणावर आणि जोडावर चेंबर ठेवा, नाहीतर तुंबल्यावर सगळी फरशी उखडावी लागते. कडुनिंबाचा पाला मे-जूनमध्ये साफ करा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर या आणि पाणी कुठे रेंगाळतं तिथे खुंटी ठोका. पाऊस उघडल्यानंतर दोन दिवसांनीही जिथे पाणी दिसेल, तिथे आठवड्याभरात डास होतील. त्या खुंटीपाशी मुरूम टाकून उतार दुरुस्त करा.