रेझोनन्स रचना काढताना या चुका टाळा: नायट्रेट, सल्फेट आणि त्यांची आम्लं

रेझोनन्स रचना म्हणजे अणू जागच्या जागी ठेवून, फक्त इलेक्ट्रॉन वेगळे मांडून काढलेली एकाच रेणूची किंवा आयनची चित्रं. बडोद्यात गुजकेट-नीट या प्रवेश परीक्षांची तयारी करणारी मुलं नायट्रेटच्या अशा तीन रचना पाठ करतात आणि नायट्रिक आम्ल आलं की त्यांनाच हायड्रोजन चिकटवतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

आधी मोजणी. नायट्रेटमध्ये नायट्रोजनचे ५, तीन ऑक्सिजनचे १८ आणि ऋण प्रभाराचा १, असे २४ संयुजा (सगळ्यात बाहेरच्या कक्षेतले) इलेक्ट्रॉन. शेवटचा विसरलात तर २३ येतात. विषम आकडा दिसताच पुन्हा मोजा. तीन एकेरी बंध काढून ऑक्सिजनची अष्टकं (प्रत्येकाभोवती आठ इलेक्ट्रॉन) भरली की नायट्रोजनकडे ६च राहतात. एकाच ऑक्सिजनची लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी) बंधात आणा, दोघांची नको: नायट्रोजनला पाच बंध चालत नाहीत. मग औपचारिक प्रभार: नायट्रोजनवर +१, एकेरी बंधाच्या दोन ऑक्सिजनवर −१ प्रत्येकी. बेरीज −१ यायलाच हवी.

आता आम्ल. हायड्रोजन असलेल्या ऑक्सिजनला दुहेरी बंध दिला तर त्याच्यावर +१ येतो, आणि शेजारच्या नायट्रोजनवर +१ आधीच आहे. लागून दोन धन प्रभार असलेल्या रचनेचा वाटा अगदी क्षुल्लक, म्हणून महत्त्वाच्या रचना दोनच. बंधांची लांबीही तेच दाखवते: नायट्रेटमध्ये तिन्ही बंध सुमारे १२४ पिकोमीटर, आम्लात दोन १२१ च्या आसपास, हायड्रॉक्सिलकडचा मात्र १४१.

सल्फेटमध्ये दोन दुहेरी बंध काढण्याची पद्धत घेतली, तर चार ऑक्सिजनमधून दोन निवडायचे, म्हणजे ६ रचना. बायसल्फेटला (एक हायड्रोजन जोडलेला सल्फेट) ३, सल्फ्युरिक आम्लाला १. सहाच्या सहा रचना एकदा हातानं काढाच. हायड्रोजन काय अडवतो ते नीट कळतं.

नायट्राइटमध्ये (बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या कारखान्यांत सोडियम नायट्राइट बनतं, तोच हा आयन) नायट्रोजनवरची लोन पेअर काढायची राहून जाते आणि आयन सरळ रेषेत काढला जातो. इलेक्ट्रॉन १८, कोन सुमारे ११५ अंश.

अणू हलवू नका. नायट्रस आम्लातला हायड्रोजन नायट्रोजनवर नेला, तर ते वेगळं संयुग झालं. दोन रचनांच्या मध्ये दोन टोकांचा एकच बाण द्या. उलटसुलट दोन बाण समतोलाचे.

फॉस्फरस आम्लाला तीन हायड्रॉक्सिल देऊ नका. ते दोनच प्रोटॉन सोडतं, कारण तिसरा हायड्रोजन थेट फॉस्फरसला जोडलेला असतो. फॉस्फरसवर लोन पेअर उरत नाही.