दहा पीपीएम कार्बन मोनॉक्साइड मोजायचा तर: उत्प्रेरक सेन्सरवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

गॅस सेन्सरच्या प्रकल्पात नवीन आलेला विद्यार्थी सुरुवातीचे आठवडे बहुधा एकाच प्रश्नात घालवतो: उत्प्रेरक पॅलॅडियमचा घ्यायचा की प्लॅटिनमचा? प्रश्न चुकीचा नाही, पण काम अडतं ते दुसरीकडेच. वायू नसताना सेन्सर काय दाखवतो आणि तो आकडा किती स्थिर राहतो, यावर सगळं अवलंबून असतं.

आधी सेन्सरची जात नीट निवडा. पेलिस्टरमध्ये, म्हणजे वायू जाळून ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये, प्लॅटिनमच्या बारीक तारेच्या वेटोळ्यावर ॲल्युमिनाचा मणी असतो आणि मण्यात पॅलॅडियम. सुमारे ५०० अंश सेल्सिअसला वायू मण्यावर जळतो, तार आणखी तापते, तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि रेझिस्टन्समधला बारीक फरक दाखवणाऱ्या व्हीटस्टन ब्रिज या सर्किटचा तोल ढळतो. १ टक्का मिथेनला साधारण १५ मिलिव्होल्ट मिळतात असं धरलं, तर १० पीपीएमला (दहा लाख भागांत दहा भाग) उरतात १५ मायक्रोव्होल्ट. खोलीतला पंखा लावला तरी आकडा त्याहून जास्त हलतो. मिथेन हवेत ५ टक्क्यांच्या आसपास पेट घेऊ शकतो. त्याआधी इशारा द्यायला पेलिस्टर उत्तम. पीपीएमसाठी टिन ऑक्साइडच्या सेन्सरकडे वळा.

टिन ऑक्साइडच्या कणांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे रेझिस्टन्स जास्त असतो. कार्बन मोनॉक्साइड तो ऑक्सिजन वापरून टाकतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रेझिस्टन्स घसरतो. पॅलॅडियम ही देवघेव कमी तापमानाला आणि वेगाने घडवून आणतं. कण साधारण ६ नॅनोमीटरच्या खाली गेले की संवेदनशीलता झपाट्याने वाढते, पण इतके बारीक कण भट्टीत लगेच एकमेकांना चिकटून मोठे होतात. पहिल्या प्रयोगांना तयार पावडर घेतली तरी चालते.

१ ग्रॅम पावडरवर ०.५ टक्के पॅलॅडियम हवं तर ५ मिलिग्रॅम धातू लागतो, म्हणजे ८.३ मिलिग्रॅम पॅलॅडियम क्लोराइड. एवढंसं वजन थेट करू नका, चूक हमखास होते. ८३ मिलिग्रॅम घेऊन, थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालून कोमट पाण्यात विरघळवा (नुसत्या पाण्यात ते नीट विरघळत नाही), १०० मिलिलिटर करा आणि त्यातलं १० मिलिलिटर वापरा. ८० अंशांना ढवळत आटवा, ११० अंशांना वाळवा, ५०० अंशांना दोन तास भाजा. क्लोराइड थोडं मागे राहतंच आणि बेसलाइन, म्हणजे वायू नसतानाचा आकडा, हलवतं; ते खटकत असेल तर क्लोराइडऐवजी पॅलॅडियम नायट्रेट घ्या. पॅलॅडियम वाढवत नेलं म्हणजे सेन्सर सुधारतो असंही नाही. एका मर्यादेपुढे वायू इलेक्ट्रोडांवर पसरलेल्या पावडरच्या थराच्या वरच्या भागातच जळून जातो आणि खाली इलेक्ट्रोडजवळ पोचतच नाही. हीटरने सेन्सरचं तापमान फार वाढवलं तरी हेच होतं. म्हणून २०० ते ४०० अंशांपर्यंत दर २५ अंशांवर प्रतिसाद मोजून आलेख काढा आणि त्याचा माथा शोधा.

सेन्सर तयार झाल्यावर हीटर पाच ते सात दिवस सलग चालू ठेवा. या काळातले आकडे वहीत लिहा, पण निष्कर्षात घेऊ नका.

मोजणीचं सर्किट सोपं आहे. सेन्सरच्या मालिकेत १० किलोओहमचा रेझिस्टर, वर ५ व्होल्ट. रेझिस्टरवर १ व्होल्ट दिसला तर सेन्सर ४० किलोओहमचा. खरी डोकेदुखी वायू मिसळण्यात आहे. १००० पीपीएमच्या सिलिंडरमधून मिनिटाला २ मिलिलिटर आणि एकूण प्रवाह २००, म्हणजे १० पीपीएम. पण ते २ मिलिलिटर ५०० मिलिलिटर क्षमतेच्या मास फ्लो कंट्रोलरवर (वायूचा प्रवाह मोजून नेमका ठेवणारं उपकरण) सोडलेत तर आकड्याला काही अर्थ नाही. १० मिलिलिटर क्षमतेचाच घ्या. सिलिंडर नायट्रोजनऐवजी हवेत भरलेला मागवा, नाहीतर वायूबरोबर ऑक्सिजनचं प्रमाणही बदलतं. सगळी मांडणी फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात) आणि शेजारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, याला पर्याय नाही. या वायूला वास नसतो.

सेन्सर ठेवलेला चेंबर १ लिटरचा असेल तर २०० मिलिलिटरच्या प्रवाहाला आतली हवा ९५ टक्के बदलायला पंधरा मिनिटं लागतात. मग तुम्ही अभिमानाने नोंदवलेला प्रतिसादाचा वेळ सेन्सरचा नसून डब्याचा असतो. ५० मिलिलिटरचा चेंबर पुरतो.

आता शून्य, म्हणजे वायू नसतानाचा आकडा. हवा आधी शोषकातून कोरडी करा, मग हॉपकलाइटमधून न्या. तांबं-मँगनीज ऑक्साइडचं हे मिश्रण साध्या तापमानाला कार्बन मोनॉक्साइडचा डायऑक्साइड करतं, पण ओलाव्याने निकामी होतं. हवेत नेहमी असणारा अर्धा पीपीएम हायड्रोजन मात्र ते काढेल असा भरवसा ठेवू नका. त्यानंतर बबलरने, म्हणजे हवा पाण्यातून बुडबुड्यांनी नेऊन, आर्द्रता परत घाला आणि ती ५० टक्क्यांवर धरा. इथेच बहुतेकांची फसगत होते: ५० पीपीएमसाठी २०० पैकी १० मिलिलिटर कोरडा वायू सोडला की आर्द्रता ४७.५ वर येते आणि सेन्सर त्यालाही प्रतिसाद देतो. म्हणून प्रत्येक मोजणीनंतर त्याच प्रवाहाने, वायूऐवजी नुसती कोरडी हवा सोडून कोरी फेरी घ्या. किमान मोजता येणारी पातळी ठरवताना तिपटीने घ्यायचं प्रमाण विचलन या कोऱ्या फेऱ्यांचं असावं, दहा सेकंदांच्या सरळ दिसणाऱ्या रेषेचं नव्हे.

नळ्या पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा स्टेनलेस स्टीलच्या. सिलिकॉनची नळी, सिलिकॉन सीलंट, व्हॅक्यूम ग्रीस यांच्या वाफांतून गरम कणांवर सिलिकाचा थर बसतो आणि तो भाजूनही जात नाही. आठवड्यातून एकदा ठरावीक १० पीपीएमची फेरी घेऊन जुन्या आकड्याशी ताडून पाहा. प्रतिसाद हळूहळू बदलत असेल तर उत्प्रेरकाला दोष देण्याआधी एकेक सांधा तपासा.