टोकनायझेशन सुरू करण्याआधीची तयारी

कार्ड नंबराच्या जागी टोकन, म्हणजे चोराच्या हाती लागलं तरी निरुपयोगी असं बदली चिन्ह, ठेवायचं ठरलं (हेच टोकनायझेशन) की आधी नंबर कुठेकुठे सांडलेत ते शोधा. मुख्य टेबल सगळ्यांना माहीत असतं. विसरलेले नंबर निघतात ते लॉगमध्ये, बॅकअपमध्ये, हिशेबाच्या एक्सेल फायलींत आणि खऱ्या डेटावरून बनवलेल्या टेस्ट डेटाबेसमध्ये. १३ ते १९ अंकी आकडे शोधून त्यांवर लून तपासणी (शेवटच्या तपास अंकावरून आकडा कार्डाचा असू शकतो का हे सांगणारं गणित) चालवा. ऑर्डर नंबरासारखा बराचसा कचरा गळून पडतो. सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा सुरक्षा कोड) सापडला तर त्याचं टोकन करत बसू नका, सरळ पुसा. व्यवहार मंजूर झाल्यावर तो एन्क्रिप्ट करूनही साठवायला व्यापाऱ्याला पीसीआय डीएसएसची (कार्ड डेटाच्या सुरक्षेचे उद्योगाचे नियम) मुभा नाही.

टोकन म्हणून नुसता हॅश (नंबरावरून गणिताने काढलेला ठरावीक ठसा) वापरू नका. सोळा अंकी नंबराचे पहिले सहा आणि शेवटचे चार अंक बऱ्याच ठिकाणी उघड साठवलेले असतात. उरतात सहा, म्हणजे १० लाख शक्यता, आणि लूनच्या तपास अंकामुळे त्यातल्या १ लाखच टिकतात. साधा लॅपटॉपही त्या बघता बघता तपासतो. टोकन रँडम हवं, आणि कार्डासारखं दिसणारं असेल तर लूनमध्ये मुद्दाम नापास होणारं; पुढे लॉग चाळताना खरा नंबर लगेच वेगळा काढता येतो. कॉलम टेक्स्टचा ठेवा. संख्येचा ठेवला तर सुरुवातीचं शून्य उडतं आणि रिफंडच्या वेळी टोकन जुळत नाही.

कार्ड भरायची चौकट पेमेंट सेवेची असू द्या, म्हणजे नंबर तुमच्या सर्व्हरला शिवतच नाही. व्हॉल्ट (टोकन आणि खरा नंबर यांची जोडी जपणारा डेटाबेस) स्वतःचं असेल तर ते वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवा आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या त्याच डेटाबेसमध्ये नकोत. खरी जोखीम टोकनावरून नंबर परत मिळवण्याच्या एपीआयमध्ये (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे विनंती करायची वाट) आहे: त्याचा पासवर्ड फुटला तर एकेक करत अख्खं व्हॉल्ट रिकामं होतं. म्हणून हा अधिकार मोजक्या सेवांनाच द्या, तासाला किती विनंत्या चालतील ते बांधून टाका, प्रत्येक विनंती नोंदवा. सपोर्टच्या माणसाला शेवटचे चार अंक पुरतात.

पेमेंट सेवेशी होणाऱ्या करारात एक कलम हवंच: सेवा बदलली तर कार्डांचा डेटा नव्या प्रमाणित सेवेकडे सुरक्षितपणे सोपवला जाईल. नाहीतर एका गेटवेची (पेमेंट सेवेची) टोकनं दुसऱ्याकडे निव्वळ निरुपयोगी.

जुना डेटा तुकड्यातुकड्यांनी हलवा. प्रत्येक तुकड्यानंतर ओळींची संख्या आणि शेवटचे चार अंक ताडून पाहा, एक रिफंड आणि एक आवर्ती वसुली चालवून बघा, मगच जुना कॉलम पुसा. जुने बॅकअप मुदत संपून नष्ट होईपर्यंत ऑडिटच्या कक्षेत राहतात. त्या तारखा आताच लिहून ठेवा.