ब्रिटनमधून अमेरिकेला बिऱ्हाड हलवताना: आधी विम्याचा फॉर्म, मग बॅगा

पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं यांच्याबद्दल काही लिहीत नाही, ती कुणी विसरत नाही. सामान पाठवणाऱ्यांचे दर तुम्ही चार ठिकाणी विचारालच. मी लिहायला बसले ते एका फॉर्मसाठी. आम्ही स्लाऊ सोडून न्यू जर्सीत आलो तेव्हा नेमका तोच भरायचा राहिला होता: कंपनीच्या आरोग्यविम्यात कुटुंबाची नावं घालायचा फॉर्म.

झालं असं की नवरा आधी गेला, मुलांची शाळा जुलैत संपल्यावर आम्ही मागून. रुजू होताना त्याने फक्त स्वतःचं नाव घातलं. 'तुम्ही आल्यावर बघू.' आल्यावर घर, शाळा, गाडी यांतच सगळं लक्ष, आणि आठवण झाली तेव्हा मुदत टळलेली. एचआरचं उत्तर सरळ होतं: आता शरद ऋतूत नावनोंदणी खुली होईल, विमा १ जानेवारीपासून लागू. तोपर्यंत माझा आणि मुलांचा विमा आम्ही बाजारातून घेतला, कंपनीच्या एका पैच्या मदतीशिवाय. एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, सावलीत वर्षं काढलेल्या माणसाला असा काही फॉर्म असतो हेच सुचत नाही. तिथे जीपीकडे (घरच्या डॉक्टरकडे) नाव नोंदवलं की झालं, आज नोंदवा नाहीतर सहा महिन्यांनी.

तर मुदत नीट समजून घ्या. नोकरी लागल्यावर विमा निवडायला आणि नावं घालायला बहुतेक कंपन्या ३० किंवा ३१ दिवस देतात. मूल जन्मलं, लग्न झालं किंवा आधीचा विमा गेला, तर किमान ३० दिवसांची खास मुदत कायद्यानेच मिळते. कुटुंब मागून येणार असेल तर एचआरला आत्ताच, ब्रिटनमध्ये असतानाच, ईमेलवर विचारा: आमचे दिवस कुठल्या तारखेपासून मोजणार, आणि पुरावा काय लागेल? फोनवर विचारू नका, लेखी उत्तर हवं. बोर्डिंग पास जपून ठेवा आणि पोचल्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरून प्रत्येकाचा आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद) छापून घ्या, प्रवेशाची तारीख त्यावर असते. कंपनीचा दरवाजा बंदच झाला, तर सरकारी विमाबाजार आहे (न्यू जर्सीत त्याचं नाव गेट कव्हर्ड एनजे). परदेशातून राहायला आलेल्यांना तिथे ६० दिवस मिळतात. तेही टळू शकतात, लक्षात असू द्या.

आणि फॉर्म वेळेत भरला म्हणून विमा पहिल्या दिवसापासून लागू असेल असं धरू नका. कंपनीला ९० दिवसांपर्यंत वाट पाहायला लावता येते. नोकरीचं पत्र आल्यावर पगाराच्या आकड्याआधी हे विचारा. मधल्या काळासाठी नव्याने आलेल्यांचा अल्पमुदतीचा विमा घ्या. ब्रिटनमधला प्रवासविमा बहुधा परतीचं तिकीट असलेल्या रहिवाशांसाठी असतो, आपण तर कायमचे निघालो. आणि ते जीएचआयसी कार्ड (परदेशातल्या उपचारांसाठी ब्रिटन देतं ते) कृपा करून पाकिटातून काढून ठेवा. अमेरिकेत ते चालत नाही.

आता विमा निवडायचा कसा, कारण इथे सगळेच गडबडतात. दर महिन्याला पगारातून कापला जाणारा हप्ता ही फक्त सुरुवात. डिडक्टिबल म्हणजे विमा कंपनीने पैसे द्यायला सुरुवात करण्याआधी वर्षभरात तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. त्यानंतरही काही टक्के तुमचेच. समजा डिडक्टिबल ३,००० डॉलर, त्यापुढे तुमचा वाटा २० टक्के आणि बिल ८,००० चं. पहिले ३,००० तुमचे, उरलेल्या ५,००० वर १,००० तुमचे, एकूण ४,०००. विमा असताना! म्हणून हप्ता बघून योजना निवडू नका. वर्षाचा हप्ता आणि खिशातून जाऊ शकणारी कमाल रक्कम, या दोन्हींची बेरीज करा. त्या कमाल रकमेला कायद्याने मर्यादा आहे: २०२५ साठी ती एकाला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होती. पण ही मर्यादा फक्त नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, डॉक्टरांना लागू. हप्त्याचा अंदाज हवा असेल तर केएफएफ या आरोग्यविषयक संशोधन संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत कंपनीमार्फत घेतलेल्या कुटुंबविम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता, त्यातले ६,२९६ कर्मचाऱ्याचे. नेहमीच्या पगारवाढीचा हिशेब करून हुरळून जाणाऱ्यांनी हा आकडा दाराला चिकटवावा.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. डिडक्टिबलचं वर्ष बहुधा १ जानेवारीला नव्याने सुरू होतं. सप्टेंबरात आलात, नोव्हेंबरात काही करून घेतलंत, तर भरलेलं डिडक्टिबल जानेवारीत पाण्यात. तातडीचं नसेल ते जानेवारीनंतर ठेवा, नाहीतर निघण्याआधी उरकून या.

दात आणि डोळे यांचे विमे वेगळे असतात, त्यांचे रकाने वेगळे, आणि मुदत तीच. तीच ३० दिवसांची. त्यातही मुलांची नावं घाला. त्याआधी निघायच्या दोनेक महिने अगोदर इंग्लंडमध्ये मुलांचे दात आणि डोळे तपासून घ्या, १८ वर्षांखालच्यांचे दात आणि १६ खालच्यांचे डोळे एनएचएसवर फुकट आहेत. चष्मा लागत असेल तर एक जास्तीचा करून न्या.

औषधं. रोजची औषधं साधारण तीन महिन्यांची न्या. जीपी बहुधा त्याहून जास्त देत नाहीत आणि अमेरिकेतही स्वतःपुरती ९० दिवसांचीच चालतात. मूळ डब्यांत, जीपीच्या पत्रासह. इंग्लंडमध्ये २०२४ पासून एका औषधाला ९.९० पौंड, तेही कुरकुरत देत होतो आपण. इथे तेच औषध एका दुकानात एक भाव, समोरच्या दुकानात दुसरा. नावंही बदलतात. पॅरासिटामॉल मागितलंत तर दुकानदार बघत राहील, असिटामिनोफेन म्हणा. दम्याचं सॅल्ब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल. जीपीकडून संपूर्ण नोंदींची प्रत मागा, फुकट मिळते, पण महिनाभर लागू शकतो. आज मागा.

मुलांच्या लसी हा स्वतंत्र कुटाणा आहे. रेड बुक (ब्रिटनमध्ये मुलांच्या लसींची नोंद असते ती वही) हातातल्या बॅगेत ठेवा, कंटेनरमध्ये नाही. ब्रिटनमध्ये कांजिण्यांची लस जानेवारी २०२६ पर्यंत नेहमीच्या वेळापत्रकात नव्हतीच. त्यामुळे शाळेत जाणाऱ्या बहुतेक मुलांना ती मिळालेली नसते, आणि न्यू जर्सीतल्या शाळा ती मागतात. हेपटायटिस बीची लस तिथे १ ऑगस्ट २०१७ नंतर जन्मलेल्या बाळांनाच वेळापत्रकात मिळाली. मोठ्या भावंडाला बहुधा नाही. सहावीत जाणाऱ्यांकडून डांग्या खोकल्यासकटचा बूस्टर मागतात, पण ब्रिटनमधल्या किशोरवयीन बूस्टरमध्ये डांग्या खोकला नसतोच. म्हणजे 'आमच्या सगळ्या लसी झाल्यात' हे वाक्य इथल्या शाळेच्या नर्ससमोर टिकत नाही. राज्याराज्याचे नियम वेगळे, त्या शाळाखात्याचं पान उघडून बघा. आणि यादीतल्या तारखा महिन्याचं नाव अक्षरांत लिहून टाइप करून घ्या. ४/७ म्हणजे तुमची ४ जुलै, नर्सची ७ एप्रिल, आणि दोन डोसांमधलं अंतर चुकीचं धरून पोराला परत टोचतील. टोचून घेतानाही विमा असलेला बरा, हे सांगायला नको. विमा असेल तर नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे मुलांच्या नेहमीच्या लसी फुकट असतात. असेल तर.

बाळ होणार असेल तर जरा थांबून वाचा. इथे जन्मलेल्या बाळाचं नावसुद्धा ३० दिवसांत विम्यात घालावं लागतं, आपोआप जात नाही. बाळाचं नाव ठेवायला महिना लावणाऱ्या घराण्यातल्यांनी आधी एचआरला कळवावं, मग आत्याला. बाळंतपणाच्या रजेचा देशपातळीवरचा कायदाही कोरडा आहे: १२ आठवडे, बिनपगारी, आणि त्यासाठीही त्या कंपनीत वर्ष झालेलं असावं लागतं. ब्रिटनच्या ५२ आठवड्यांची सवय असेल तर तारखांचा विचार निघण्याआधीच करा.

आजारी पडल्यावर कुठे जायचं तेही ठरवून ठेवा. साध्या ताप-खोकल्याला घरचा डॉक्टर, रात्री कान दुखला, पाय मुरगळला तर अर्जंट केअर, जिवावरचं असेल तर ९११ आणि इमर्जन्सी. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीला कुणालाही तपासून स्थिर करावंच लागतं, पैसे असोत-नसोत. पण बिल नंतर येतंच. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या दुसऱ्या कायद्यामुळे इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांचं अचानक बिल लावता येत नाही. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र त्या कायद्यात नाही. विमा कंपनीकडून आधी एक कागद येतो, त्यावर 'हे बिल नाही' असं लिहिलेलं असतं. तर ते खरंच बिल नाही, लगेच पैसे भरू नका. हॉस्पिटलचं बिल आल्यावर दोन्ही ताडून बघा आणि बाबवार बिल मागा.

आता घरखर्च. दुकानातल्या किमतीत कर धरलेला नसतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के, पण किराणा आणि कपडे सुटलेले. नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात ८.८७५. हॉटेलात वर टिप, १८ ते २० टक्के. भाड्याने राहताना ब्रिटनसारखा काउन्सिल टॅक्स (राहणाऱ्याने भरायचा पालिकेचा कर) इथे नाही. मालमत्ता कर मालक भरतो आणि अर्थातच भाड्यातून वसूल करतो. डिपॉझिट इंग्लंडमध्ये बहुधा पाच आठवड्यांचं, न्यू जर्सीत दीड महिन्यापर्यंत. ब्रिटनमधला चांगला क्रेडिट स्कोअर सोबत येत नाही, तुम्ही इथे कोरी पाटी. कंपनीचं पत्र आणि पगाराचा पुरावा घेऊन घरमालकाकडे जा, पहिल्याच महिन्यात सिक्युअर्ड कार्ड (ठेव ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड) काढा. मोटारविम्याचं नो-क्लेमही (दावा न केल्याची सवलत) बहुधा कुणी विचारत नाही, पण मागच्या विमा कंपनीचं पत्र आणाच.

मुलांचा खर्च सगळ्यात जास्त चकवतो. इंग्लंडमध्ये चार पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरला रिसेप्शन (शाळेचा पहिला वर्ग), इथे किंडरगार्टन साधारण पाचला. म्हणजे तिकडे शाळेत जाणारं पोर इथे येऊन खासगी प्रीस्कूलच्या फीवर. काही शाळाखाती प्रीस्कूल फुकट देतात, घर बघताना तेच आधी विचारा. नोकरदार पालकांना पाळणाघराचे आठवड्याला मिळणारे फुकट ३० तास गेले, चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) गेला. उन्हाळ्याची सुट्टी सहा नाही, दहाएक आठवड्यांची, आणि दोघं नोकरीला असाल तर समर कॅम्प लागणारच. त्याची नोंदणी हिवाळ्यातच भरत जाते. दोघं नोकरीला असाल तर म्हटलं, कारण ते व्हिसावर आहे: एल-२ वर (कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आलेल्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं, आय-९४ वर एल-२एस छापलंय ना बघा. एच-४ ला (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) ते सुख नाही.

बाकी भराभर सांगते. एचएमआरसीला (ब्रिटनचं करखातं) पी८५, म्हणजे देश सोडल्याचा फॉर्म. काउन्सिल टॅक्सवाल्यांना निघायची तारीख. चाइल्ड बेनिफिटवाल्यांनाही, नाहीतर जास्तीचे परत मागतात. टीव्ही लायसन्स रद्द करून उरलेल्या महिन्यांचे पैसे मागा. कंपनीच पाठवत असेल तर अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीऐवजी ब्रिटनचा नॅशनल इन्शुरन्सच (पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) भरत राहता येतं, पाच वर्षांपर्यंत. त्याचं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज कंपनीला काढायला लावा. आयसा (ब्रिटनमधलं करमुक्त बचतखातं) अमेरिकेत करमुक्त नाही, त्यात फंड असतील तर निघण्याआधी करसल्लागार, नंतर नाही. परदेशी खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर असतील तर दरवर्षी एफबार, म्हणजे त्या खात्यांचं अमेरिकी सरकारला द्यायचं विवरण. ब्रिटिश बँकेला विचारा, परदेशी पत्त्यावर खातं चालू ठेवतात का.

सामानात केटल नको, इस्त्री नको. पुण्याहून स्लाऊला आणलेला मिक्सर नुसती पिन बदलून चालत होता, कारण दोन्हीकडे वीज २३० व्होल्टची. इथे १२०. तो तिकडेच कुणाला तरी द्या, ओक ट्री रोडवर (न्यू जर्सीतला भारतीय दुकानांचा रस्ता) इथले मिक्सर मिळतात. कुकर आणा.

आणि सामानाची यादी करायच्या आधी एचआरला ती ईमेल गेली का? नसेल गेली तर हे बंद करून आधी ती पाठवा.